चर्चमधला अधिकार कुठून कुठवर? गोव्यातल्या मराठी लोकांचे नेहमीचे प्रश्न

डिचोली, साखळी, म्हापसा, वास्को इकडच्या मराठी लोकांकडून हे प्रश्न सारखे येतात. काही ख्रिस्ती लोकांचे, काही लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्यांचे, आणि बरेचसे शेजाऱ्यांचे, ज्यांना फेस्ताला (चर्चच्या सणाला) जेवायला बोलावतात पण ताटावर बसून असलं काही विचारायचं धाडस होत नाही. मी कोल्हापूरकडच्या प्रॉटेस्टंट घरातला, सासुरवाडी सासष्टीतली कॅथलिक. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं आणि माझं म्हणणं दोन्हीकडच्यांना थोडं थोडं पटत नाही, ते चालायचंच.

आध्यात्मिक अधिकार म्हणजे नक्की काय हो? फादर म्हणतील ते सगळं ऐकायचं का?

नाही. चर्चच्या हिशोबाने हा अधिकार तीन कामांपुरता असतो. शिकवायचं, संस्कार द्यायचे (बाप्तिस्मा, मीस म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कुंपसार म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, लग्न वगैरे) आणि मंडळीचा, म्हणजे त्या चर्चच्या लोकांचा, कारभार बघायचा. कॅथलिक कायद्यातसुद्धा हीच तीन कामं आहेत आणि प्रॉटेस्टंट पाळकाला दीक्षा देतात तेव्हाही साधारण हेच सांगतात. तुमच्या घरात कुठली मोटरसायकल घ्यायची, मुलीला इंजिनिअरिंगला घालायचं की नर्सिंगला, सासूबरोबर राहायचं की वेगळं, ह्यावर फादर सल्ला देऊ शकतात, चांगला सल्ला असेल तर घ्यावा पण, मात्र तो सल्लाच, हुकूम नाही.

आणि अधिकार असलेल्या प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतं ज्याला तो हिशोब देतो. मी कुठल्याही चर्चबद्दल मत बनवताना आधी हेच बघतो, की इथल्या मुख्य माणसाला जाब विचारायची सोय कोणाकडे आहे? गाणी छान आहेत का, गर्दी किती जमते, हे नंतर.

बायबलमध्ये हा अधिकार दिलाय कुठे?

मत्तयच्या १६व्या अध्यायात येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो, बांधण्या-सोडण्याचा अधिकार देतो. कॅथलिक लोक पोपचं पद तिथून धरतात. पण दोनच अध्याय पुढे, १८व्यात, तोच बांधण्या-सोडण्याचा अधिकार सगळ्या शिष्यांना मिळून दिलाय, प्रॉटेस्टंट लोक तिथे बोट ठेवतात. हा वाद चारशे-पाचशे वर्षं चाललाय, आपण इथे मिटवणार नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं मार्कच्या १०व्या अध्यायात आहे असं मला वाटतं. याकोब आणि योहान येशूकडे उजव्या-डाव्या बाजूची सीट मागायला येतात, बाकीचे दहा चिडतात, तेव्हा येशू सांगतो की परराष्ट्रीयांचे मोठे लोक त्यांच्यावर सत्ता गाजवतात पण तुमच्यात तसं नको, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. पेत्राने स्वतः पुढे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, लिहिलं (१ पेत्र ५) की कळपावर धनीपणा करू नका, नमुना व्हा. पौल करिंथकरांना लिहितो की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता चालवत नाही. आणि गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात बघा, अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. किल्ल्या ज्याच्याकडे त्यालाच सुनावलं, आणि त्याबद्दल पौलाला कोणी बंडखोर म्हटलं नाही.

पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं इब्रीकरांच्या १३व्या अध्यायात आहेच. ते वचन स्टेजवरून खूप वेळा ऐकलं असेल तुम्ही, पण ते पूर्ण वाचा, त्याच ओळीत पुढे म्हटलंय की पुढाऱ्यांना हिशोब द्यायचा आहे. अर्धंच वचन सांगणारे बरेच भेटतात.

गोव्यात कोण कोणाच्या वर असतं? विगार, बिस्प, आर्चबिशप सगळं मिक्स होतं डोक्यात.

गावातल्या इगर्जीचा (चर्चचा) मुख्य तो विगार, म्हणजे पॅरिश प्रीस्ट, त्याच्या हाताखाली एखाद-दुसरा असिस्टंट फादर. त्यांच्या वर आर्चबिशप. सध्या गोवा आणि दमणचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव, २०२२ च्या ऑगस्टमध्ये कार्डिनल झाले, ऑफिस पणजीला आल्तिन्यावर बिशप हाउसमध्ये. ह्या पदाला पॅट्रिआर्क ऑफ द ईस्ट इंडीज अशी मोठी पदवीपण आहे, १८८६ पासून, पण तो मान आहे, त्यामुळे मुंबईच्या आर्चबिशपवर त्यांची काही हुकमत चालत नाही. आर्चबिशपच्या वर थेट रोम, म्हणजे पोप.

इगर्जीचे पैसे आणि मालमत्ता बघायला फाब्रिका असते, आणि कायद्याने प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल असलीच पाहिजे, ती ऑप्शनल नाही. पॅरिश पास्टोरल कौन्सिल मात्र फक्त सल्ला देते, शेवटचा निर्णय विगाराचा. इथे लोकांची चिडचिड होते, मला ती समजते, लोकांचं ऐकायची पद्धत आहे पण मतं मोजायची नाही.

सीएनआय सारख्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० साली नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन झालेली) बिशप असतात पण सिनॉड, डायोसिस कौन्सिल, पास्टोरेट कमिटी अशा निवडून आलेल्या लोकांबरोबर कारभार चालतो. ऐकायला छान वाटतं, प्रत्यक्षात इलेक्शनला पॅनल, गटबाजी, कोर्टकचेऱ्या सगळं असतं. मतदान ठेवलं की माणसं पवित्र होतात असं काही नाही.

स्वतंत्र मंडळ्या, ज्यांना गोव्यात सगळे सरसकट ‘बिलिव्हर्स’ म्हणतात, त्यांच्यात खूप फरक असतो. काहींना वर मोठी संस्था असते, वडीलमंडळ असतं, दरवर्षी ऑडिट होतं. काहींमध्ये पास्टर, पास्टरची बायको आणि पास्टरचा भाऊ एवढंच.

पोप कधीच चुकत नाही असं कॅथलिक लोक खरंच मानतात?

नाही, हा फार जुना गैरसमज. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत जे ठरलं ते एवढंच, की पोप जेव्हा सगळ्या चर्चचा गुरू म्हणून, श्रद्धा किंवा नीतीच्या बाबतीत, सगळ्यांवर बंधनकारक असा अंतिम निर्णय जाहीर करतो तेव्हाच तो चुकीपासून राखला जातो. त्यानंतर अशी जाहीर घोषणा एकदाच झाली, १९५० मध्ये बाराव्या पायस पोपनी, मरियेच्या स्वर्गारोहणाबद्दल. विमानात पत्रकारांशी बोललेलं, इंटरव्ह्यू, राजकारणावरची मतं ह्यातलं काहीही त्यात येत नाही. प्रॉटेस्टंट एवढंसुद्धा मानत नाहीत.

आमच्यात गुरूला शरण जातात. फादर म्हणजे तसाच गुरू का?

हा डिचोलीच्या एका काकांचा प्रश्न, वारकरी माणूस. थोडं साम्य आहे, मार्ग दाखवणारा म्हणून. पण फादर तुम्ही निवडत नाही, बिशप बदली करून पाठवतो आणि काही वर्षांनी उचलतो. त्याच्याकडे स्वतःचं वेगळं ज्ञान किंवा सिद्धी आहे असं चर्च म्हणत नाही. पंच्याहत्तर वर्षांचा झाला की राजीनामा द्यावा असं कायद्यात आहे, बिशपलाही तेच लागू. माणूस जातो, काम राहतं. एखाद्या फादरच्या किंवा पास्टरच्या फोटोची जवळजवळ पूजा व्हायला लागली की चर्चमधल्या जुन्या लोकांना अस्वस्थ वाटतं ते ह्यामुळेच, आणि मत्तयच्या २३व्या अध्यायात येशूने स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका म्हणून शिष्यांना बजावलंय ते वेगळंच.

फादरचं वागणं बरोबर नसेल तर त्यांच्या हातून झालेला बाप्तिस्मा, लग्न फुकट जातं का?

नाही जात. हा वाद आफ्रिकेत चौथ्या शतकात झालेला. छळाच्या काळात काही बिशपनी घाबरून पवित्र ग्रंथ सैनिकांच्या ताब्यात दिले, तर डोनेटिस्ट नावाचा गट म्हणायला लागला की अशांनी दिलेले संस्कार खोटे. संत ऑगस्टीनने उलट बाजू घेतली, संस्कार ख्रिस्ताचा, देणाऱ्याचा नाही. पाटाच्या दगडावर काही उगवत नाही पण पाणी बागेत पोचतं, हे त्याचंच उदाहरण, कुळागरात (सुपारीच्या बागेत) वाढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

पण ह्या उत्तराचा गैरवापर पण होतो बरं का. संस्कार खरा राहतो याचा अर्थ त्या माणसाला पदावर ठेवायलाच हवं असं अजिबात नाही. ‘माणसाकडे बघू नका, देवाकडे बघा’ असं म्हणून जेव्हा तक्रार दाबतात तेव्हा ऑगस्टीनला उगाच मधे आणू नये.

विगार बाप्तिस्मा किंवा मर्णाची मीस नाकारू शकतो का? आमच्याकडे तसं झालंय.

मनाला आलं म्हणून नाही नाकारू शकत. जो योग्य वेळी मागतो, तयारीत आहे आणि ज्याला कायद्याने मनाई नाही, त्याला संस्कार नाकारता येत नाही, हे कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) ८४३ कलमात आहे. लहान बाळाच्या बाप्तिस्म्याला एक अट आहे, की मूल श्रद्धेत वाढेल याची थोडी तरी आशा पाहिजे, ती अजिबात नसेल तर विगार पुढे ढकलू शकतो, आणि का ढकलतो ते आईवडिलांना सांगावं लागतं.

अंत्यविधी नाकारायची कारणं ११८४ कलमात मोजकी आहेत, उघडपणे श्रद्धा सोडलेले वगैरे, आणि त्यातही मरायच्या आधी पश्चात्तापाची काही खूण दिसली असेल तर नाकारायचं नाही, शंका असेल तर बिशपच्या ऑफिसला विचारायचं. आत्महत्या केलेल्यांना पूर्वी, १९१७ च्या कायद्यात, अंत्यविधी नाकारायचे. १९८३ च्या नव्या कायद्यात ते काढून टाकलंय. हे मुद्दाम लिहितोय कारण अजूनही गावात कोणीतरी म्हातारं माणूस येऊन दुःखात असलेल्या घरच्यांना ‘सिमितेरीत (दफनभूमीत) जागा मिळणार नाही’ म्हणून घाबरवतं. अशा वेळी सरळ विगाराला भेटा, गावाचं ऐकू नका.

वर्गणी बाकी आहे, फेस्ताचे पैसे दिले नाहीत, फादरशी भांडण झालंय, ही कारणं त्या यादीत नाहीत. लेखी कारण मागा. लेखी मागितलं की निम्मी प्रकरणं तिथेच मऊ होतात असा अनुभव आहे लोकांचा.

मीसचे, बाप्तिस्म्याचे पैसे घेतात ते बरोबर आहे का?

ती अर्पणाची रक्कम असते, फी नाही. रक्कम त्या भागातले बिशप मिळून ठरवतात, त्यापेक्षा जास्त मागायचं नाही, आणि गरिबीमुळे कोणी संस्काराशिवाय राहणार नाही हे बघायचं, ८४८ कलम. पवित्र गोष्ट विकायची नाही हे प्रेषितांच्या कृत्यांपासून आहे, शिमोन जादूगार पेत्राकडे पैसे घेऊन आला होता की मलाही ते सामर्थ्य द्या, पेत्राने त्याला चांगलंच झापलं. बँड, डेकोरेशन, शूटिंगवाल्याचा खर्च वेगळा, तो आपणच ओढवून घेतलेला असतो, त्याला फादर काय करणार.

आमचे पास्टर सांगतात दहावा भाग दिलाच पाहिजे नाहीतर शाप लागतो. खरं आहे?

दशांश जुन्या करारात आहे, मलाखी ३ तिथूनच सगळे सांगतात. नव्या करारात पौल म्हणतो (२ करिंथ ९) की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा जबरदस्तीने नको. पुष्कळ चांगल्या मंडळ्या दशांश शिकवतात आणि लोक आनंदाने देतात, त्याला माझा काही विरोध नाही, माझ्या आईने आयुष्यभर दिला. पण शापाची भीती घालून घेतात तिथे गडबड आहे. आणि पावती द्या, वर्षाचा हिशोब दाखवा म्हटल्यावर ‘विश्वास कमी पडला तुझा’ असं उत्तर आलं तर काय ते समजून जा. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा करत होता तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून बरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस ठेवत होता, तेही त्याच पत्रात आहे, आठव्या अध्यायात. पौलाला चाललं तर आपल्या पास्टरला का चालू नये?

पास्टर म्हणतात अमक्याशी लग्न कर, नोकरी सोड, घरच्यांशी संबंध तोड, देवाने मला दाखवलंय. नाही ऐकलं तर पाप लागेल का?

ह्याला जरा वेळ देतो, कारण वास्को-म्हापशाकडून सगळ्यात जास्त फोन ह्याचेच येतात, आणि बहुतेक वेळा मुलीचे किंवा मुलीच्या आईचे.

नाही लागणार. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल ‘देवाने मला दाखवलं’ म्हणणारा माणूस खरा असेल किंवा नसेल, बायबल म्हणतं पारखून घ्या, १ थेस्सलनीकाकरांस ५ आणि १ योहान ४ बघा. बिरुया गावातले लोक तर पौलाचंसुद्धा म्हणणं रोज शास्त्र उघडून तपासायचे आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक केलंय, शिक्षा नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकात फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमधून एक चळवळ निघाली, शेफर्डिंग म्हणायचे तिला. प्रत्येकाने एका ‘मेंढपाळा’खाली राहायचं आणि लग्न, नोकरी, घर सगळं त्याला विचारून करायचं. हेतू वाईट नव्हता, लोकांना शिस्त लागावी, एकमेकांची काळजी घ्यावी असा होता. पण घरं मोडली, माणसं पिचली. त्यातल्या पाच मोठ्या शिक्षकांपैकी बॉब ममफर्ड यांनी नंतर जाहीर माफी मागितली, डेरेक प्रिन्सही त्यातून बाहेर पडले. डेरेक प्रिन्सची पुस्तकं आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये अजून वाचतात, पण ही हकीकत फार कमी जणांना माहिती असते.

कॅथलिक बाजूला पण हा धोका ओळखलाय. सेमिनरीत (फादर घडवायच्या शाळेत) मुलाला पुढे दीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना त्याच्या कुंपसार ऐकणाऱ्या फादरचं किंवा आध्यात्मिक मार्गदर्शकाचं मत विचारायचं नाही असा नियम आहे. कॉन्व्हेंटमध्ये सुपिरियर बाईने सिस्टरला मनातलं सांग म्हणून भाग पाडायचं नाही. ज्याच्या हातात तुमची बदली, जेवण, भविष्य आहे त्याच्याच हातात तुमचं मनपण जाऊ नये म्हणून हे केलंय, आणि मला वाटतं चर्चच्या कायद्यातली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. २०२१ मध्ये रोमने साध्या (पाद्री नसलेल्या) लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या प्रमुखांवरही मर्यादा घातली, सलग दहा वर्षांपेक्षा जास्त खुर्चीत बसायचं नाही.

घरच्यांशी संबंध तोड असं कोणी सांगायला लागलं, फोन तपासायला लागलं, की आधी ज्या घरच्या माणसाशी तोडायला सांगतात त्यालाच फोन करा.

‘माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका’ असं बायबलमध्येच आहे ना? मग पास्टरवर टीका कशी करायची?

१०५वं स्तोत्र. तिथे गोष्ट अब्राहाम, इसहाक, याकोब यांची चाललीय, परक्या मुलखात बिऱ्हाड घेऊन फिरणारी माणसं, आणि ‘हात लावू नका’ हे देव तिथल्या राजांना सांगतो. म्हणजे ताकदवानाला सांगितलंय की दुबळ्याला छळू नको. ते उलटं करून स्टेजवरच्या ताकदवान माणसासाठी वापरतात. दावीद खरा अभिषिक्त राजा होता आणि नाथान संदेष्ट्याने त्याच्याच महालात जाऊन ‘तो माणूस तूच आहेस’ म्हणून सांगितलं. यहेज्केल ३४ वाचा कधीतरी, कळप सोडून स्वतःलाच चारणाऱ्या मेंढपाळांबद्दल देव काय बोलतो ते.

प्रार्थनेने बरं होणार, गोळ्या बंद करा असं सांगितलं तर?

बंद करू नका. इन्सुलिन, बीपीची गोळी, फिटची गोळी, टीबीचा कोर्स, मानसिक आजाराची औषधं, काहीच नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, डॉक्टरला हाकला असं नाही. लूक स्वतः वैद्य होता, आणि पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं (गोव्यात हे वचन सगळ्यांना पाठ असतं, का ते सांगायला नको). औषध चालू ठेवा की बंद करा हे सांगायचा अधिकार पाळकाला कुठल्याच चर्चने दिलेला नाही.

कुंपसारात सांगितलेलं फादर कोणाला सांगू शकतात का? बिशपला? पोलिसांना?

कोणालाच नाही. कुंपसाराची गुप्तता मोडणाऱ्या फादरवर आपोआप बहिष्कार पडतो आणि तो उठवायचा अधिकार फक्त रोमकडे. फादरला तुमची भीड पडेल म्हणून नाही, त्या माहितीवर त्याचा हक्कच नाही, इथे अधिकाराला सगळ्यात कडक कुंपण घातलंय.

पण कुंपसाराच्या बाहेर कळलेल्या गोष्टी वेगळ्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झालाय असं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, फादर, पास्टर, सिस्टर, कॅटेकिझम टीचर, मुख्याध्यापक कोणीही सुटत नाही, न कळवणं हाच गुन्हा. ‘आधी बिशपना सांगू, आपल्यात मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही. चर्चचा स्वतःचा नियम पण २०१९ पासून कडक झालाय आणि २०२३ मध्ये कायमचा केला, तक्रार करणाऱ्याला गप्प राहायची अट घालता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, फुकट लागतो.

इलेक्शनला फादर किंवा पास्टर सांगू शकतात का कोणाला मत द्यायचं?

विषयांवर बोलू शकतात, खाण, जमिनी, भ्रष्टाचार, राज्यघटना, आणि गोव्यात चर्च बोलतंच, कोणाला आवडो न आवडो. फादरांनी पक्षाच्या राजकारणात उतरू नये असं चर्चचाच कायदा म्हणतो. आणि देशाचा कायदा, १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३, म्हणतो की अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल किंवा धर्मातून काढू अशी भीती मतदाराला घालणं हा भ्रष्ट व्यवहार आहे. हे फादरला लागू तसंच भटजी, बुवा, मौलवी सगळ्यांना लागू. मत तुमचं.

बहिष्कार म्हणजे एक्सकम्युनिकेशन झालं की माणूस संपला का?

विगार बहिष्कार घालूच शकत नाही, ते बिशपच्या किंवा चर्चच्या कोर्टाच्या हातात. काही गुन्ह्यांना आपोआप लागतो. संस्कार मिळत नाहीत, पद जातं, पण बाप्तिस्मा पुसला जात नाही आणि मुळात ती शिक्षा माणूस परत यावा म्हणून असते.

गोव्यातलंच बघा. वेर्ण्याला १८३६ मध्ये जन्मलेले फादर आल्वारिस. पोर्तुगीज पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाला मिळालेला चर्चवरचा हक्क) आणि रोमची प्रोपागांदा (पोपचं मिशनचं खातं) यांच्यात हिंदुस्तानातल्या चर्चेसवर कोणाचा ताबा यावरून मोठं भांडण चाललं होतं, त्यात ते रोमवर नाराज होऊन बाहेर पडले आणि १८८९ मध्ये केरळात कोट्टायमला ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशप झाले, मार ज्युलियस नावाने. कॅथलिक चर्चने बहिष्कार घातला. हा माणूस शेवटी पणजीत गोरगरिबांची, आजाऱ्यांची सेवा करत राहिला, १९२३ मध्ये रायबंदरच्या हॉस्पिटलात वारला, कॅथलिक पाद्री नसतानाही अंत्ययात्रेला पणजीकर जमले. आज रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांचे अवशेष आहेत आणि तिथे त्यांना संत मानतात. बहिष्काराने त्यांचं अल्तार (वेदी) गेलं, लोकांच्या मनातलं स्थान काढून घ्यायची सोय कुठल्या कायद्यात नसते.

इन्क्विझिशनबद्दल काय म्हणाल? तो आध्यात्मिक अधिकारच होता ना?

१५६० ते १८१२, मधली चार-पाच वर्षं सोडून. तो अधिकाराचा धडधडीत गैरवापर होता, गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. धर्माच्या नावाने पकडायचं, गुप्त साक्षी घ्यायच्या आणि शिक्षा द्यायला सरकारच्या हवाली करायचं. बाटलेल्यांनी जुन्या चालीरीती पाळल्या म्हणून, आणि हिंदूंनाही धर्मांतरात अडथळा आणला म्हणून त्रास झाला. त्या काळात गोव्याचा बिशप पोर्तुगालचा राजा सुचवायचा, म्हणजे अल्तार आणि तुरुंग एकाच हाताखाली, असं झालं की हिशोब मागायला कोणी उरतच नाही. चर्चने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क आहे असं अधिकृत मान्य केलं ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. उशीर झाला का? खूपच झाला.

त्याच काळातला एक गोंयकार सांगतो, दिवाडीचा मातेउश द काश्त्रु. धर्मांतरित ब्राह्मण घरातला, गोव्याच्या आर्चबिशपने त्याला दीक्षा द्यायला नकार दिला. तो रोमला गेला, तिथे फादर झाला, १६३७ मध्ये बिशप झाला. परत आला तर गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याची रोमची कागदपत्रं मानायलाच नकार दिला, मग तो डिचोलीला जाऊन राहिला, कारण डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती, पोर्तुगीजांचा हात पोचत नव्हता. पोपची सही असलेला बिशप मुसलमान सुलतानाच्या मुलखात राहून काम करतो कारण ख्रिस्ती सत्तेत त्याला जागा नाही! डिचोलीतल्या शाळेत हे का शिकवत नाहीत मला कळत नाही. गोव्याच्या मातीतला माणूस गोव्याचा आर्चबिशप व्हायला पुढे १९७८ उजाडलं, राउल गोन्साल्विस.

कॉन्फ्रारियामध्ये अजून जात बघतात हे खरं का? तेही चर्चच्या अधिकारात येतं का?

काही गावांत मान कोणाचा, ओपा (मिरवणुकीतला झगा) कोणी घालायचा, फेस्त कोणी करायचं यात जुन्या गावकारीची (गावच्या मूळ घराण्यांच्या कारभाराची) आणि जातीची सावली अजून आहे. लोक ‘परंपरा’ म्हणतात. कॉन्फ्रारिया ही चर्चची संघटना आहे, त्यामुळे तिचे नियम बिशपच्या देखरेखीखाली येतात, बिशप त्यात हात घालू शकतो. घालताना गाव पेटतं म्हणून हळूहळू घालतात. माझ्या मते जास्तच हळूहळू.

बाई पाळक होऊ शकते का?

सीएनआय, सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) होते, सीएसआयमध्ये २०१३ मध्ये बाई बिशपसुद्धा झाली. कॅथलिकमध्ये नाही, १९९४ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल पोपनी तो विषय बंद केला. पण कारभाराची पदं वेगळी, २०२५ च्या जानेवारीत व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुखपदी पहिल्यांदा एक सिस्टर आली.

मंडळी सोडली तर देव शिक्षा करेल असं सांगतात. सोडू का नको?

सोडायचं की नाही ते तुमचं. पण चर्च सोडणं आणि देव सोडणं एक नाही, आणि गोव्यात इगर्जीतून बिलिव्हर्सकडे आणि तिकडून परत इगर्जीत येणारे ढिगाने आहेत, कोणावर वीज पडलेली नाही. मुलं असतील तर त्यांच्यासमोर जुन्या फादरला किंवा पास्टरला शिव्या घालत बसू नका एवढंच.

तक्रार करायची तर कशी करू? गावात राहायचंय आम्हाला.

कॅथलिक असाल तर २१२ कलम सांगतं की चर्चच्या भल्यासाठी आपलं मत पाळकांना सांगणं हा तुमचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यसुद्धा, आदर ठेवून. साधी गोष्ट असेल तर आधी विगाराशी एकट्याने बोला, मत्तय १८ मध्ये हीच पद्धत आहे, आधी एकट्याने, मग दोघातिघांना घेऊन, मग मंडळीपुढे. विगाराने किंवा बिशप हाउसने लेखी निर्णय दिला असेल आणि तो पटत नसेल तर मुदत लक्षात ठेवा, निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत त्याच अधिकाऱ्याकडे लेखी फेरविचार मागायचा, नाही ऐकलं तर पंधरा दिवसांत वरच्याकडे. लोक सहा महिने तिंट्यावर (गावच्या चौकात) बसून चर्चा करतात आणि मग अर्ज करतात, तेव्हा मुदत गेलेली असते.

अर्जात तारीख, काय झालं, कोण हजर होतं, तुम्हाला काय हवंय, एवढंच लिहा. फादरच्या घराण्याचा इतिहास नको. एक कॉपी स्वतःकडे, पोचपावती घ्या, मराठीत लिहिलंत तरी चालतं पण बरोबर इंग्लिश किंवा कोंकणी कॉपी जोडलीत तर लवकर वाचतात.

स्वतंत्र मंडळीत असाल तर आधी विचारा की संस्था सोसायटी आहे का ट्रस्ट, कमिटीवर कोण आहे, घटनेची कॉपी मिळेल का. रजिस्टर्ड संस्थेला घटना असतेच. कमिटीच्या सेक्रेटरीला लेखी द्या, पास्टरला नाही.

आणि मारहाण, पैशाची फसवणूक, मुलांचा किंवा बायकांचा छळ असेल तर वरचं काहीच करत बसू नका, सरळ पोलीस स्टेशन. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्या.